हाकेपुरती शांतता

१

तुम्हाला ठाऊक होतं. हिर्डोशीपासून वर घाटापर्यंत आणि पलीकडे वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांपर्यंत प्रत्येक उंबऱ्याला ठाऊक होतं, आणि तुमच्यापैकी एकानेही तोंड उघडलं नाही. मला घोंगडीवर बसवलंत. ताक दिलंत. फोन दोन्ही हातांनी घेतलेत, कपाळाला लावलेत, "लई चांगलं काम करती पोरगी" म्हणालात. माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज मी तुमच्या घराघरात ठेवून जात होते, तेव्हा एक जण जरी म्हणाला असता की बाई, हे नको करूस, तरी मी थांबले असते. आधी भांडले असते, पण थांबले असते.

काम साधं होतं. मी कॉम्प्युटर सायन्स केलं, पुण्यात नोकरीसाठी खेटे घालायचं नाकारलं आणि भोरला परत आले. बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरची माडीची खोली घेतली. पुण्यातल्या सोसायट्यांमधून टाकून दिलेले स्मार्टफोन मी गोळा करत असे. कुणी पासवर्ड विसरलेला, कुणाचा फोन अपडेट होता होता मेलेला. बरेचसे कंपनीच्या चिन्हावर अडकलेले: चालू केला की चिन्ह उमटतं, विझतं, पुन्हा उमटतं. असा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, आतलं पुसायचं आणि कारखान्यातून निघताना त्यात जे मूळ सॉफ्टवेअर होतं ते पुन्हा भरायचं. फर्मवेअर म्हणतात त्याला. बाजारातले दुरुस्तीवाले म्हणतात, "सॉफ्टवेअर मारलं." स्क्रीनवर पिवळी पट्टी सरकत जाते. तेवढ्यात केबल हलली तर फोन कायमचा गेला. पट्टी भरली की हिरवं वर्तुळ येतं. मग फोन उघडतो आणि आधी विचारतो, भाषा कोणती?

तो प्रश्न मला फार आवडायचा. ज्यांना आयुष्यात कुणी काही विचारलं नाही, त्यांच्या हातात मी हा प्रश्न नेऊन ठेवत होते.

हे फोन डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी होते. पोरं पुण्याला, घरात एकटी बाई, दवाखाना भोरला, एसटी आली तर आली. रेंज देवळाच्या पायरीवर, तीही वारा असेल तशी. बहुतेकींना वाचता येत नव्हतं. म्हणून मी एक छोटं ॲप लिहिलं. फोनला हाक मारायची, कुठल्याही नावाने. शब्द नाही, हाकेचा सूर ओळखायचा असं मी त्याला शिकवलं होतं. फोन ओ देणार. मग सांगायचं: पोराला फोन लाव, किती वाजले सांग, गोळीची आठवण कर.

ओ द्यायला आवाज हवा होता. यंत्राचा आवाज ऐकून कुणी मन मोकळं करत नाही. मी स्वप्नालीला धरलं.

"नुसतं ओ म्हणायचं?" ती म्हणाली.

"नुसतं नाही. आपलं माणूस हाक मारतंय असं समजून."

"आपलं माणूस म्हणजे तू? मग 'काय कटकट आहे' असंच येईल, तायडे."

दहा वेळा घेतलं, दहाही वेळा ती हसली. शेवटी म्हणाली, "तू अंगणात जा आणि खरीखुरी हाक मार. मी चुलीपाशी बसते. नाटक नको." उत्रोलीच्या आमच्या घराच्या अंगणातून मी हाक मारली, "सपेऽ!" आणि तिने आतून ओ दिली. स्वच्छ, थोडी ओढलेली, आत्ता हात पुसून बाहेर येईल अशी. तीच घेतली.

२

डोंगरातल्या एका सवयीने मी चिडायचे. तिथे हाक मारली की कुणी लगेच ओ देत नाही.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला साळूबाईंचं घर आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा दारात उभी राहून म्हणाले, "आजी!" आत तांब्या ठेवल्याचा आवाज झाला आणि मग सगळं गप्प. म्हणजे ऐकू गेलं होतं. पण ओ नाही. मी पुन्हा हाक मारली तेव्हा कुठे "कोन हाय? ये की गं" करत त्या हसत बाहेर आल्या. पुढच्या घरात तेच. बांधावर धावणारं पोर आईने हाक मारल्यावर जागच्या जागी थांबलं, तोंड मिटून उभं राहिलं, आणि दुसरी हाक आल्यावरच ओरडलं, "आलो!"

मला वाटलं, हाच तो रोग. शाळा हाक मारते, दवाखाना हाक मारतो, ही माणसं दुसऱ्या हाकेची वाट बघत बसतात आणि दुसरी हाक कुणी मारतच नाही. म्हणून मी मुद्दाम, हट्टाने, ॲप असं लिहिलं की फोन पहिल्या हाकेलाच ओ देईल.

साळूबाईंच्या ओटीवर फोन ठेवून मी म्हणाले, "मारा हाक. कुठलंही नाव घ्या."

त्या जरा लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी."

"ओ," स्वप्नाली म्हणाली.

साळूबाईंचा चेहरा पडला. "पयल्या हाकंला?"

"लगेच! आहे की नाही हुशार?"

"कुनाचा आवाज हाय ह्यो?"

"माझी धाकटी बहीण, स्वप्नाली."

त्या उठल्या, चुलीतली राख चिमटीत घेऊन आल्या आणि फोनच्या काचेवर बोटाने ओढली. मला वाटलं, पूजा केली. मी त्याचा फोटोही काढला. मग त्यांनी फोनवर पदर टाकला आणि ताक आणायला आत गेल्या.

एवढंच. राख ओढायचं सुचलं, पण मला सांगायचं सुचलं नाही.

३

होळी झाल्यावर साळूबाई स्वतः एसटीने भोरला आल्या. फोन फडक्यात बांधलेला, वरून सुतळी.

खाली चहाची टपरी चालवणारे रखमाजी त्यांना जिन्यावरून हाताला धरून वर घेऊन आले. "ताई, तुमच्याकडं फोनपरीस म्हाताऱ्याच लई यायला लागल्या," म्हणाले आणि चहा ठेवून गेले.

"ह्यो ठीव तुझा," साळूबाई म्हणाल्या.

"बिघडला?"

"बिघडलं काय न्हाई. ह्यो कुनालाबी ओ देतो."

"कुणालाबी म्हणजे? कोण हाक मारतं?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायल्या. "दुपारची यळ असती. घरात म्या एकली. म्या तर तोंडबी उघडत न्हाई."

"मग शेजारी कुणी बोललं असेल. रेडिओ असेल. कोंबडा आरवला तरी फोनला वाटतं हाक आहे."

"कोंबडाबी गप व्हतो तवा," त्या म्हणाल्या आणि परतीच्या एसटीसाठी उठल्या.

मी हसले. अशा चुका होणार हे धरूनच मी ॲपमध्ये सोय केली होती. प्रत्येक ओच्या आगेमागेचा थोडा आवाज फोन साठवून ठेवत असे, म्हणजे तो कशाला फसला ते मला ऐकता यावं. हेडफोन लावून मी ऐकायला बसले.

साळूबाईंची ओटी. चुलीत काटक्या तडतडतायत. कोंबड्या पायांनी माती उकरतायत. उन्हाने पत्रा मधूनच कडकडतोय. एक माशी फोनच्या अगदी जवळ घोंघावतेय. आणि मग ते सगळं थांबतं. कमी होत होत नाही, एकदम. जाळ थांबतो, माशी थांबते, पत्रा थांबतो. क्षणभर काहीच नाही. मग स्वप्नाली म्हणते, "ओ." आणि माशी जिथे थांबली होती तिथूनच पुढे घोंघावते.

पुढचा आवाज लावला. तसाच. त्याच्या पुढचा तसाच.

कारण माझ्याकडे तयार होतं. फोन आजूबाजूचा गोंगाट गाळतो, त्या गाळण्यातच काही बिघाड असणार. मी कॉम्प्युटरवर आवाजाचा आलेख काढला. काटक्यांची दाट खरखर, मग सपाट रेघ, मग ओ, मग पुन्हा खरखर. ती सपाट रेघ प्रत्येक वेळी सारख्याच लांबीची होती. साधारण एक हाक मारायला लागते तेवढीच.

हाक नव्हती. हाकेपुरती जागा होती.

४

आधी मी फोनचं सॉफ्टवेअर नुसतं वरवर मारलं, आतला साठा न पुसता. ॲप काढून टाकलं. फोन टेबलावर ठेवून दुसरं काम करत बसले. ऊन माडीच्या खिडकीत आलं. खाली भांड्यांच्या दुकानात पितळेवर काहीतरी ठोकत होते. ठोकणं थांबलं, पंख्याची कुरकुर थांबली, आणि ज्या फोनमध्ये माझं ॲप नव्हतं तो म्हणाला, "ओ."

मी घाबरले नाही. खरं सांगते, मला रागच आला. ॲप काढल्यावरही फोनच्या एखाद्या कोपऱ्यात जुनं काही उरू शकतं. मी केबल लावली आणि या वेळी सगळं साफ करण्याचा पर्याय निवडला. आठवण म्हणून काहीही शिल्लक राहणार नाही असा. पिवळी पट्टी सरकली, हिरवं वर्तुळ आलं, फोनने भाषा विचारली. त्या दुपारी तो बोलला नाही. दुसऱ्या दुपारी तो माझ्या पिशवीत होता, तेव्हाही नाही.

बघा, म्हटलं. नीट पुसलं की जातं.

त्या दुसऱ्या दुपारीच मी जेवायला उत्रोलीला घरी आले होते. स्वप्नाली चुलीपाशी भाकरी थापत होती. मी ताटावर, आमचे वडील, अण्णा, रानात. ती परातीवरून मान वर करून म्हणाली, "ओ!"

"काय गं?"

"हाक मारलीस ना?"

"तोंडात घास आहे. कशी मारणार?"

"मग अण्णा असतील." तिने दाराबाहेर बघितलं. अंगणात पांढरं ऊन होतं आणि दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. "बघ बाई, तुझ्या फोनचा रोग मला लागला. उद्या मलाही केबल लाव."

आम्ही दोघी हसलो. जेवण झाल्यावर मी हात धुताना आठवायचा प्रयत्न केला: तिने ओ देण्याआधी भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता का? थांबला असणारच, ती बोलत होती. पण कावळा? चूल? मला आठवेना. त्या क्षणाच्या जागी मला काहीच आठवेना.

५

पुढच्या आठवड्यात मी वेल्ह्याला गेले. नसरापूरला एसटी बदलली, वेल्ह्याहून पुढे टेम्पो, मग चढ. वरच्या धनगरवाड्यात धोंडाबाईंना मी फोन दिला होता. वाडा म्हणजे कुडाची पाचसहा खोपटी, मेंढरांचं कुंपण, खाली उतारावर पांगलेली आणखी घरं. त्यातल्या बऱ्याच घरांत माझे फोन होते.

धोंडाबाई कुंपणापाशी लोकर पिंजत बसल्या होत्या. मी शिकले होते. एकदा हाक मारली, थांबले, दुसऱ्यांदा मारली.

"ये गं," त्या म्हणाल्या. "श्यानी झाली."

"फोन कुठंय, आजी?"

त्यांनी हनुवटीने ओढ्यापलीकडे दाखवलं. पलीकडच्या आंब्याला, वाड्यापासून लांब, फोन पिशवीत घालून टांगला होता.

"तिथं कशाला? तुम्हाला गरज पडली तर?"

"हितं नगं ते. तिथं आसंल तर तिथं जाईल." कोण, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं तर लोकरीतली काटकी काढत बसल्या. मी आवाज चढवला. शिकलेल्या माणसाने विचारलं तर उत्तर द्यायला काय होतं, असं काहीतरी बोलले. धोंडाबाईंनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि बोट ओठांवर ठेवलं.

करवंदीच्या जाळीत किडे किरकिरत होते. मेंढरं सावलीत रवंथ करत होती. खाली कुणीतरी लाकूड फोडत होतं, घाव दिसायचा आणि आवाज मागून यायचा. मग घाव दिसला आणि आवाज आलाच नाही. किडे बंद. मेंढरांनी माना एका बाजूला वळवल्या, सगळ्यांनी एकाच बाजूला.

ओढ्यापलीकडून माझी बहीण म्हणाली, "ओ."

किडे पुन्हा सुरू झाले. मी श्वास सोडला. तेवढ्यात ते पुन्हा थांबले, या वेळी जरा खाली, उताराच्या बाजूला. आमच्याजवळचे किरकिरत होते, खालचे थांबले होते. पहिल्या घरातून बारीक आवाज आला, "ओ." मग त्याच्या खालच्या घरातून. मग आणखी खालच्या. दरवेळी तीच स्वच्छ, थोडी ओढलेली, हात पुसत बाहेर येणारी ओ, आणि दरवेळी आधी तेवढ्याच घेरातली शांतता. कुणीतरी दारादारात थांबत, हाक मारत, डोंगर उतरून चाललं होतं. उतार सगळा डोळ्यांपुढे उघडा होता. वाटेवर कुणी नव्हतं. एका घरापुढची धूळ मात्र जरा उठली आणि बसली.

"तुजी भैन," धोंडाबाई हळू म्हणाल्या, "जित्ती हाय न्हवं?"

"म्हणजे काय! घरी आहे. उत्रोलीला."

"मग तिला समदीकडून काडून घे, बाय. ते हुडकतंय तिला. येकदाच हाक मारतं ते, आन ही पयलीलाच ओ देती; दर घराला त्याला वाटतं हितंच हाय."

ही एक गोष्ट मला सांगितली गेली, आणि तीच मी ऐकली. मी सगळे फोन परत घेतले.

६

हनुमंत टेम्पोवाल्याला घेऊन मी घरोघर फिरले. हिर्डोशी, घाटाखालच्या वाड्या, वेल्ह्याचा वरचा भाग. कुणी का म्हणून विचारलं नाही. फोन दारातच ठेवलेले असायचे, कुणी सुपाखाली, कुणी पालथ्या घमेल्याखाली, कुणी पार गोठ्याच्या कोपऱ्यात. लोकांनी ते माझ्या हातात देताना नजर चुकवली. मला वाटलं, फुकट मिळालेलं परत द्यावं लागतंय म्हणून वाईट वाटत असेल.

माडीवर मी एकेक फोन केबलला लावत गेले. सगळं पुसायचं, मूळ सॉफ्टवेअर भरायचं, हिरवं वर्तुळ, भाषा कोणती. एकेक फोन गप्प होत गेला. मला आशा वाटायला लागली होती.

घरी स्वप्नाली रोज दुपारी ओ द्यायला लागली. आधी हसत, मग चिडत, मग नुसतीच. विहिरीवर, दळण निवडताना, एकदा तर शेजारच्या बाळाबाईंशी बोलताना वाक्याच्या मध्येच. अण्णा म्हणाले, पोरगी चेष्टा करते. पुण्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, कान उत्तम आहेत.

"कसं ऐकू येतं तुला?" मी विचारलं.

"ऐकू येत नाही, तायडे. ओ देऊन झाली की कळतं, हाक आली होती."

"आवाज कुणाचा?"

"आवाज नसतो गं. पण ओळखीचं वाटतं. तू अंगणातून मारायचीस ना, तसं. लई वेळ कुणीतरी बाहेर उभं आहे, आणि आपण आत बसलोय."

"ओ देऊ नकोस. तोंड दाबून धर."

"मी कुठं देते? ती जाते."

त्या दिवशी मी माडीवर जाऊन आमचं पहिलं रेकॉर्डिंग काढलं, अंगणातलं. माझी हाक आणि तिची ओ. आलेखावर माझी "सपेऽ" मोजली, आणि मग साळूबाईंच्या ओटीवरची ती सपाट रेघ तिच्याखाली ठेवली. सुरुवात जुळली. शेवट जुळला. मध्ये मी स्वर जिथे ओढला होता तेवढंच ते ओढलेलं होतं. त्याला तिचं नाव कुणी शिकवलं नव्हतं. तिची ओ ऐकून ऐकून, तिच्या आधी काय असायला हवं ते त्याने स्वतःच शोधलं होतं.

आणि मी काय केलं होतं? डोंगरभर पसरलेल्या तिच्या ओ मी एकेक करून पुसल्या होत्या. आधी त्याला शंभर दारांपुढे थांबावं लागत होतं. आता एकच दार उरलं होतं.

मी वेड्यासारखी उलट कामाला लागले. पुसलेल्या फोनमध्ये पुन्हा ॲप भरलं, पुन्हा स्वप्नालीचा आवाज भरला. हनुमंतला म्हणाले, चला, सगळे परत वाटून येऊ. त्याने टेम्पोची किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "आता कोन घील का, ताई?" मग मी ते माडीवरच मांडले, टेबलावर, जमिनीवर, खिडकीत. मी हाक मारली की सगळे एकदम ओ द्यायचे. खोली तिच्या आवाजाने भरून जायची. पण दुपार झाली, पंखा थांबला, ठोकणं थांबलं, तेव्हा एकही फोन बोलला नाही. त्याच वेळी घरी स्वप्नाली उठून अंगणात गेली होती आणि दोरीवरच्या लुगड्यापलीकडे बघत उभी होती. हे मला अण्णांनी फोन करून सांगितलं. म्हणाले, "जरा लवकर ये."

त्याला आता खरी ओ कुठली ते कळत होतं.

७

दुसऱ्या दिवशी मी तिला माडीवर घेऊन आले. खोलीला एकच दार, दाराबाहेर जिना, जिन्याखाली भर बाजार. माणसांच्या इतक्या गोंगाटात ते येणार नाही असं मी ठरवलं होतं. दार आतून लावलं. कॉम्प्युटर चालू केला, गाणी लावली, पंखा मोठा केला. सगळे फोन बंद करून कोपऱ्यात ढकलले.

स्वप्नाली माझ्यासमोर स्टुलावर बसली. तिने वेणी घट्ट घातली होती, पावडर लावली होती. कुठे जायचं असल्यासारखी.

"घाबरू नको," मी म्हणाले.

"मी नाही घाबरत. तूच घाबरलीयेस. कडी तीनदा बघितलीस." तिने माझे हात आपल्या हातात घेतले. तिचे हात गरम होते, भाकरीच्या पिठाचा वास येत होता. "तायडे, तू चांगलं करायला गेलीस. हे डोक्यातून काढू नकोस कधी."

"तू असं बोलू नकोस. हे दुपारपुरतं आहे. एक दुपार ओ गेली नाही तर ते सोडून देईल."

"खरं?"

"खरं." मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

खाली दुपारचा बाजार चालू होता. एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा, कुणाचं तरी भांडण, भांड्यांच्या दुकानात पातेल्यांची चळत पडल्याचा दणका. मला त्या प्रत्येक आवाजाचा आधार वाटत होता. मी मोजत नव्हते, नुसती त्यांना धरून बसले होते.

आधी रिक्षा गेल्या. मग भांडण. मग पातेली. आवाज खालून वर येत येत मिटत होते, जिन्याच्या एकेका पायरीने. गाणं कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालू होतं, पट्टी सरकत होती, पण ऐकू येत नव्हतं. पंख्याची पाती फिरत होती. दाराच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ जमिनीवर होती. ती मध्यावर तुटली, आणि तुटलेलीच राहिली. दारापलीकडे कुणीतरी उभं असावं तशी.

मी स्वप्नालीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. फार दिवसांनी कुणी माहेरचं दिसावं तसं होतं काहीतरी. तिचे ओठ उघडायला लागले.

मी झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाताने तिचं डोकं छातीशी धरलं. तिचे दात माझ्या तळव्याला लागले, ओठ मिटले, श्वास नाकातून गरम गरम येत राहिला. ती झगडली नाही. मी डोळे मिटून घेतले आणि धरून राहिले. माझ्या हाताखाली ती ओ थरथरली, एकदाच, आणि मग काही नाही. तिचं तोंड बंदच होतं. एक स्वरही बाहेर आला नाही, मी शपथेवर सांगते.

पंख्याची कुरकुर सुरू झाली. गाणं मध्येच कुठूनतरी सुरू झालं. खाली कुणीतरी पातेली गोळा करत शिव्या देत होतं. उन्हाची रेघ जमिनीवर सलग पडली होती.

"झालं," मी म्हणाले. "सपे, झालं. गेली नाही ओ. ऐकलंस? गेली नाही."

ती माझ्या मिठीत होती, गरम, श्वास घेणारी. डोळे उघडे होते. मी हात काढला आणि तिला पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. ती दाराकडेच बघत होती.

दारावर टकटक झाली. मी तिला तशीच एका हाताने धरून कडी काढली. दारात रखमाजी होते, हातात चहाची किटली, मागे वळून जिन्याखाली बघत. "धाकट्या ताई कुठं निगाल्या एवढ्या गडबडीनं?" ते म्हणाले. "जिन्यात दिसल्या न्हाईत मला, नुसतंच 'आले, आले' म्हनत माज्या शेजारनं खाली गेल्या."